ट्रॅक्टरचे हायड्रोस्टॅटिक स्टिअरिंग : बिघाड आणि निदान

हायड्रोस्टॅटिक स्टिअरिंग म्हणजे ट्रॅक्टर, लोडर यांसारख्या रस्त्याबाहेर राबणाऱ्या वाहनांची चाके केवळ तेलाच्या दाबाने वळवणारी यंत्रणा. चालकाच्या हातातले चाक आणि पुढची चाके यांच्यात लोखंडी जोड नसतो; असतात ते फक्त तेलाचे दोन पाइप. बोलताना हिलाही ‘पॉवर स्टिअरिंग’च म्हणतात. मोटारीतल्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये मात्र तेल नुसती मदत करते आणि पंप बंद पडला तरी स्टिअरिंगच्या गिअरबॉक्समधून चाके वळतात. इथे चाके ढकलून वळवणाऱ्या सिलिंडरचा पाइप फुटला की ताबाच जातो.

रचना. इंजिनावर चालणारा गिअर पंप टाकीतले तेल स्टिअरिंग कॉलमच्या बुडाशी असलेल्या ऑर्बिट्रोलकडे, म्हणजे चाक फिरेल तसे तेल सोडणाऱ्या युनिटकडे पाठवतो. (हे मुळात व्यापारी नाव, गॅरेजात सगळ्याच कंपन्यांच्या युनिटला ते चिकटले आहे.) त्याच्या आत स्पूल व स्लीव्ह (तेलाची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या, एकात एक बसलेल्या नळ्या), त्यांना मध्यावर आणणाऱ्या पट्टीच्या स्प्रिंगा आणि सात खाचांच्या कड्यात फिरणारी सहा दात्यांची चांदणी असते. चांदणी तेल मोजून सिलिंडरला देते. बाहेर चार तोंडे असतात : पी म्हणजे पंपाकडून, टी म्हणजे टाकीकडे, एल आणि आर सिलिंडरच्या दोन बाजूंना.

फेरे मोजणे. काहीही न उघडता होणारी ही तपासणी सहसा कोणी करत नाही. सिलिंडरचा व्यास ५० मिमी, दोन्ही बाजूंनी बाहेर येणारा दांडा २५ मिमी आणि चाल २०० मिमी असेल, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २९५ घनसेंमी तेल लागते. ऑर्बिट्रोल फेऱ्याला ८० घनसेंमीचा असेल, तर पावणेचार फेऱ्यांत चाके टोकाला जायला हवीत. पाच-सहा फेरे लागत असतील किंवा टोकाला गेल्यावरही चाक सहज फिरतच राहत असेल, तर तेल आतल्या आत निसटते आहे : सिलिंडरच्या पिस्टन सीलमधून किंवा ऑर्बिट्रोलमधून.

स्टिअरिंग जड होणे. सर्वांत सामान्य तक्रार हीच, आणि तिच्यावर घाईने ऑर्बिट्रोल खोलणे ही सर्वांत सामान्य चूक. आधी पुढच्या टायरमधली हवा पाहावी. मग पुढचा आस जॅकवर उचलून खाली ठोकळे द्यावेत, सिलिंडरचा दांडा सोडवून चाके हाताने वळवावीत. इथेच अडत असेल तर दोष ग्रीसविना कोरड्या पडलेल्या किंगपिनचा (ज्या खिळीवर पुढचे चाक वळते तिचा), तेलाचा नव्हे.

चाके मोकळी असतील तर टाकीतली पातळी व फिल्टर पाहावा आणि इंजिनाच्या वेगाचा फरक तपासावा. मंद वेगाला जड, रेस दिल्यावर हलके, असे असेल तर तेल कमी पडते आहे. हिशेब सोपा आहे. सेकंदाला एक फेरा द्यायचा तर ८० घनसेंमीच्या युनिटला मिनिटाला ४.८ लिटर तेल लागते. इंजिनाच्याच वेगाने फिरणारा ८ घनसेंमीचा नवा पंप ७०० आरपीएमला जेमतेम ५.६ लिटर देतो. पंप थोडा झिजला की ही शिल्लक संपते. रेस देऊनही जडपणा जात नसेल तर दाबाकडे वळावे. पी तोंडाच्या लाइनमध्ये टी-जोड टाकून २५० बारचा गेज लावावा व चाक टोकाला दाबून धरावे, पाच सेकंदांहून जास्त नाही. अपेक्षित आकडा त्या मॉडेलच्या माहितीपुस्तकातून घ्यावा. दाब कमी भरल्यास जादा दाब सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला आहे का, हे पंप बदलण्याआधी पाहावे.

सिलिंडरची चाचणी. चाके एका टोकाला नेऊन इंजिन बंद करावे. सिलिंडरच्या ज्या बाजूचे तेल परत गेले, तिचा पाइप सोडून त्याला टोपी लावावी. इंजिन सुरू करून चाक त्याच टोकाकडे हलके दाबावे. सिलिंडरच्या उघड्या तोंडातून तेल वाहत राहिले तर पिस्टन सील गेले; कोरडे राहिले तर संशय ऑर्बिट्रोलवर. बारीक गळती बोटाने शोधू नये : दाबाचे तेल कातडीत घुसते. पुठ्ठा धरावा.

हवा आणि पाणी. स्टिअरिंग लिबलिबीत लागणे, पंप ओरडणे, टाकीत फेस येणे ही हवेची लक्षणे. बहुधा पंपाच्या ओढीच्या पाइपाची क्लिप सैल असते. इंजिन बंद ठेवल्यावर फेस बसतो, पाणी मिसळल्याने आलेला दुधाळपणा तसा लवकर जात नाही. भाताच्या चिखलणीत राबणाऱ्या ट्रॅक्टरात दांडा पुसून घाण बाहेर ठेवणारे वायपर सील चिखलाने झिजते व तिथून माती आत जाते. हवा काढायला पुढचा आस उचलून, मंद वेगावर, टोकाला न थांबता दोन्हीकडे आठ-दहा वेळा वळवावे आणि मधूनमधून तेल भरावे. तेल माहितीपुस्तकातले. ब्रेक ऑइल कधीही नाही. त्याने रबरी सील फुगतात.

जोडणीतल्या चुका. एल-आर पाइप उलटे लागले तर ट्रॅक्टर उलटा वळतो. हे लगेच कळते. धोकादायक चूक आतली असते. चांदणीच्या दोन दात्यांमधला खळगा आणि चांदणीला स्लीव्हशी जोडणाऱ्या मधल्या दांड्याच्या पिनची खाच एका रेषेत बसली नाहीत, तर इंजिन सुरू होताच चाक आपोआप गरगर फिरू लागते, त्यात हात सापडू शकतो. चाक सोडल्यावरही वळण चालूच राहिले तर पट्टीच्या स्प्रिंगा तुटल्या आहेत किंवा कॉलम स्पूलवर दाबून बसला आहे. जोडांच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, तिचे तुकडे स्पूलमध्ये अडकतात.

जे बिघाड नाहीत. सरळ चालताना चाकाचा मुठ्ठा रोज वेगळ्या जागी येणे स्वाभाविक आहे. इंजिन बंद असताना चाक फार जड लागणेही; तेव्हा हाताच्या जोरावर ऑर्बिट्रोलच पंपाचे काम करतो. उसाच्या भरलेल्या ट्रॉलीने पुढचा आस हलका झाल्यावर मात्र स्टिअरिंग मऊ लागते आणि ट्रॅक्टर वळत नाही. त्यावर उपाय पुढचे वजन वाढवणे व ट्रॉलीतला भार कमी करणे हाच. पंप बदलून काही होत नाही.