बेलापूर ते ऐरोली : कचेऱ्यांचे मजले भरले कोणी?

खाडीपलीकडे नवे शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवून मुंबईच्या दक्षिण टोकावरचा भार हलका करावा, ही कल्पना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५च्या सुमारास मांडली. १७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. मंत्रालय बेलापूरला येईल आणि त्याच्यामागून कंपन्या येतील, असा हिशेब होता. मंत्रालय काही हलले नाही. उलट त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला भरावावर टॉवरमागून टॉवर चढले. खुद्द सिडकोचा नोंदणीकृत पत्ता तिथल्याच ‘निर्मल’ इमारतीचा राहिला, यातच काय ते आले.

त्यामुळे सीबीडी (मध्यवर्ती व्यापारी भाग) बेलापूरला पहिली वस्ती झाली ती ज्यांना हुकमाने हलवता येते त्यांची. कोकण भवन, सिडको भवन, रिझर्व्ह बँक, कापूस महामंडळाचे कपास भवन, कोकण रेल्वेचे बेलापूर भवन ही नावे वाचली तरी हा परिसर कोणी भरला ते कळते. सरकारी कचेरी सहसा जागा सोडत नाही, पण संध्याकाळी सहानंतर रस्ता ओस पडतो आणि खासगी भाडेकरूला नेमके तेच नको असते. खासगी मंडळी आली ती लहान गाळ्यांत. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि कस्टम क्लिअरिंगवाल्यांना बेलापूर-वाशी सोयीचे पडू लागले.

खरा फरक लोकलने पडला. ९ मे १९९२ला गाडी वाशीला पोहोचली, १९९३मध्ये बेलापूरला. या मार्गाचा ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. तो वसूल व्हावा म्हणून सिडकोने स्टेशनांवरच व्यापारी संकुले बांधली. वाशीचे इंटरनॅशनल इन्फोटेक पार्क हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. फलाटावरून जिना चढला की ऑफिस. पण स्टेशनावरच्या इमारतीला एक जन्मखोड असते. खांब उभे करायचे ते रूळ टाळून, फलाटांच्या रेषेत. खांबांची तीच जाळी वर मजल्यावर येते आणि टेबलांच्या रांगा खांबाला अडतात. पोडियमच्या, म्हणजे इमारतीखालच्या पसरट मजल्याच्या, स्लॅबमधला प्रसरण-सांधा (उष्णतेने स्लॅब फुगतो म्हणून ठेवलेली बुजवलेली फट) फुटला की गळती थेट प्रवाशांच्या डोक्यावर, आणि खाली गाड्या धावत असल्याने दुरुस्तीला हवा तेव्हा हात घालता येत नाही.

मालकी वाटलेल्या इमारतींचे दुखणे निराळे. तीन-चारशे चौरस फुटांचे गाळे सुटे विकले गेले की शंभर मालक होतात. त्यातले निम्मे भाड्याने देऊन दुसरीकडे राहतात. मेन्टेनन्स थकतो, आणि पहिली कात्री लागते ती आगीच्या पंपाला. राज्याच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. कागद वेळेवर जातो. जिन्याच्या कोपऱ्यातल्या हायड्रंटला, म्हणजे आगीसाठीच्या नळाला, दाब आहे का, हे मात्र व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय कळत नाही.

आयटीवाले आल्यावर या जुन्या इमारती का मागे पडल्या, ते छत मोजले की समजते. मजल्याची उंची ३ मीटर धरा. स्लॅबसह तुळई ६० सेंटिमीटर खाली उतरते, एसीचा डक्ट आणि फॉल्स सीलिंग मिळून ४० सेंटिमीटर खाते. जमिनीपासून छतापर्यंत उरतात २ मीटर. म्हणून तिथे सेंट्रल एसी बसत नाही. भिंतीवर स्प्लिट लागतात आणि बाहेर यंत्रांची झुंबड लटकते. तोच मजला ४ मीटरचा असेल तर केबलसाठी १५ सेंटिमीटर उंच खोटी जमीन करूनही २.८५ मीटर मोकळे मिळतात. त्यात रात्रपाळी आली की पूर्ण भार पेलणारा जनरेटर हवा. ही मागणी सुट्या गाळ्यांच्या इमारतीत भागवणे जवळजवळ अशक्य.

ते भाडेकरू ठाणे-बेलापूर रस्त्याकडे वळले. एकेकाळी नोसिलसारख्या रसायन कारखान्यांमुळे ओळखला जाणारा हा पट्टा. तिथे सलग मोठे भूखंड होते. नोव्हेंबर २००४मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि ऐरोली तेव्हा ठाण्याहून एका स्टेशनावर आली. २००५च्या एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) कायद्याने निर्यात करणाऱ्या युनिटला आयकरात सूट दिली आणि माइंडस्पेससारख्या संकुलांचे मजलेच्या मजले एकेका कंपनीने घेतले.

सवलतीवर आलेला भाडेकरू सवलतीबरोबर उठतो. २०२०नंतर सुरू होणाऱ्या युनिटला ती सूट मिळेनाशी झाली, त्यातच घरून काम सुरू झाले. एसईझेडमधला मजला रिकामा पडला तरी देशांतर्गत काम करणाऱ्या कंपनीला तो देता येईना. ६ डिसेंबर २०२३च्या नियम ११बीने ही गाठ सोडवली. आता आयटी एसईझेडमधला मजला वेगळा काढता येतो, पण पूर्ण मजला, अर्धा नाही. त्या जागेवर घेतलेली करसवलत विकासकाने बिनव्याजी परत करायची, एसईझेडचे क्षेत्र निम्म्याच्या खाली जाऊ द्यायचे नाही, आणि दोन्ही भागांतल्या माणसांच्या व मालाच्या ये-जा करण्यावर वेगळे नियंत्रण ठेवायचे. जागा बघायला येणाऱ्याने म्हणूनच दराआधी दोन गोष्टी विचाराव्यात : मजला एसईझेडमधून सुटला आहे का, आणि त्याच्यासाठी लिफ्ट कुठली.