मान कलवणारं साब इंजिन

‘ऑक्टेन जितकं जास्त, तितकी पेट्रोलमध्ये ताकद जास्त’ हा समज पेट्रोल पंपावर हमखास ऐकू येतो. तो चुकीचा आहे, आणि ते इथेनॉलकडे पाहिलं की लगेच कळतं. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा पेट्रोलपेक्षा बराच वरचा, पण एका लिटरमधली ऊर्जा सुमारे २१ मेगाजूल. पेट्रोलमध्ये ती ३२ च्या आसपास असते. दाबलं जात असताना आपणहून पेटायला इंधन किती विरोध करतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. हा विरोध वापरून घेणारं इंजिन असेल तरच त्याचा उपयोग. स्वीडनच्या साब कंपनीने असं एक इंजिन २००० साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात मांडलं. विक्रीच्या गाडीत मात्र ते कधीच बसलं नाही.

साबच्या दुर्मीळ गाड्यांबद्दल बोलणारे बहुधा १९५६च्या पहिल्या सोनेटकडे वळतात, जिच्या सहाच गाड्या बनल्या. नाहीतर १९५९च्या ‘मॉन्स्टर’कडे: तीन सिलिंडरची दोन टू-स्ट्रोक इंजिनं शेजारीशेजारी आडवी बसवून १३८ अश्वशक्ती आणि ताशी १९६ किलोमीटर. सुंदर यंत्रं आहेत ती. पण विज्ञानाच्या दृष्टीने साबचा सगळ्यात मोलाचा नमुना म्हणजे हे इंजिन, ‘साब व्हेरिएबल कॉम्प्रेशन’, थोडक्यात एसव्हीसी.

पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, ती पिस्टन वर गेल्यावर किती पटीने कमी होते, तो आकडा म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. तो जितका मोठा, तितका जळालेला वायू जास्त प्रसरण पावतो आणि उष्णतेतलं काम जास्त निघतं. आदर्श ऑटो चक्राच्या (पेट्रोल इंजिनाच्या कागदावरच्या नमुन्याच्या) सूत्राने ८ रेशोला कार्यक्षमता ५६ टक्के येते, १४ ला ६५ टक्के. खऱ्या इंजिनात दोन्ही आकडे खूपच खाली येतात, पण फरकाची दिशा तीच राहते.

मग सगळीच पेट्रोल इंजिनं १४ ची का करत नाहीत? आडवं येतं ते नॉकिंग. ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून बाहेर पसरते. तिच्यापुढचं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं आणि ज्योत पोहोचायच्या आतच एकदम पेटतं. दाबाच्या लाटा भिंतींवर आपटतात, चढावर इंजिनातून खडखड ऐकू येते. हे चालूच राहिलं तर पिस्टनच्या कडा खातात, रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात. नॉकिंगचा धोका सर्वाधिक असतो तो थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, पूर्ण उघडा असताना, गरम हवेत, कमी फेऱ्यांवर. नेहमीच्या इंजिनाचा रेशो या सगळ्यात वाईट क्षणाला धरून ठरवलेला असतो. शहरात मात्र थ्रॉटल बहुतेक वेळ जेमतेम उघडा असतो. सिलिंडरमध्ये हवाच कमी शिरते, त्यामुळे ती १४ पट दाबली तरी काही बिघडत नाही. म्हणजे एका क्षणाच्या भीतीपोटी इंजिन दिवसभर जास्तीचं इंधन जाळतं. टर्बो किंवा सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून आत कोंबणारा पंप, असेल तर रेशो आणखी खाली ठेवावा लागतो.

साबने इंजिनाचे आडवे दोन भाग केले. खाली क्रँककेस, क्रँक (चाकांकडे जाणारा फिरता दांडा), त्याला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन, सगळं नेहमीसारखं. वरच्या भागात हेड (सिलिंडरचं झाकण) आणि सिलिंडर एकाच तुकड्यात, ज्याला साबने ‘मोनोहेड’ म्हटलं. हा वरचा भाग एका बाजूला बिजागरीसारखा धरलेला. दुसऱ्या बाजूने हायड्रॉलिक यंत्रणा तो जास्तीत जास्त ४ अंश कलवते. कलला की हेड पिस्टनपासून दूर जातं, वरची जागा वाढते आणि रेशो उतरतो. मधली फट रबरी घडीच्या भात्याने बंद केलेली, म्हणजे तेल बाहेर येत नाही. हेड आणि सिलिंडर एकसंध असल्यामुळे हेड गॅसकेटच उरत नाही आणि पाण्याचे मार्ग ज्वलनकक्षाच्या जवळून नेता येतात.

फक्त ४ अंश? हिशेब करून पाहू. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८, सिलिंडर पाच, एकूण १५९८ घन सेंटिमीटर. म्हणजे एका सिलिंडरला सुमारे ३२०. ही फक्त पिस्टन सरकतो तेवढी जागा, म्हणून तिला रेशोतून एक वजा करून भागायचं. रेशो १४ असताना पिस्टनच्या वर उरायची जागा ३२० भागिले १३, म्हणजे २४.६. रेशो ८ असताना ३२० भागिले ७, म्हणजे ४५.७. फरक २१ घन सेंटिमीटर. पिस्टनचं क्षेत्रफळ ३६.३ चौरस सेंटिमीटर, म्हणून सिलिंडरचा माथा ५.८ मिलिमीटर उचलला की झालं. ४ अंश म्हणजे ०.०७ रेडियन. ५.८ ला ०.०७ ने भागलं की उत्तर येतं ८३ मिलिमीटर. बिजागरीपासून सिलिंडरचा मध्य साधारण एवढ्या अंतरावर असला की पुरे. करंगळीच्या जाडीहूनही कमी हालचालीत इंजिनाचा स्वभाव पालटतो!

हळू चालवताना रेशो १४. पाय दाबला की रेशो ८ कडे उतरतो आणि सुपरचार्जर २.८ बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) हवा कोंबतो. त्यातून २२५ अश्वशक्ती आणि ३०५ न्यूटन-मीटर मिळतात, जे एरवी तीन लिटरच्या इंजिनाकडून अपेक्षित असतं. त्याच ताकदीच्या नेहमीच्या इंजिनापेक्षा ३० टक्के कमी इंधन लागेल, असा साबचा दावा होता. याचं सगळं श्रेय कॉम्प्रेशनला देऊ नये. बराच वाटा इंजिन लहान असण्याचा आहे: लहान इंजिनात थ्रॉटल जास्त उघडा राहतो, हवा ओढण्यात ऊर्जा कमी वाया जाते. पण इतकं लहान इंजिन इतक्या दाबाने भरणं शक्य झालं ते बदलत्या रेशोमुळेच.

नॉकिंग ओळखण्याचं काम साबच्या ट्रायोनिक प्रणालीला आधीपासून येत होतं. ठिणगी पडून गेल्यावर स्पार्क प्लगच्या टोकांमध्ये सुमारे ८० व्होल्ट ठेवायचे आणि जळत्या वायूतल्या आयनांमुळे वाहणारा प्रवाह मोजायचा. नॉकिंग झालं की त्या प्रवाहात थरथर दिसते. इंधनाचं ऑक्टेन कमी असेल तर यंत्रणेला ते असं कळतं.

अडचणी कुठे? सिलिंडरमधला दाब १०० बार धरला, तर हेडवर ३.७ टनांचा धक्का बसतो. तो सगळा बिजागरीने आणि कलवणाऱ्या यंत्रणेने दर स्फोटाला झेलायचा, तोही तसूभर न ढळता. हेडमधला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, जो चेनने क्रँकला जोडलेला असतो) क्रँकपासून दूर-जवळ होतो, म्हणजे टायमिंग चेनचा ताण आणि व्हॉल्व्हची वेळ दोन्ही सांभाळायची. इनटेक आणि एक्झॉस्टच्या (हवा आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या) जोडण्यांनाही हेडबरोबर हलावं लागतं. २००० सालीच साब पूर्णपणे जनरल मोटर्सच्या मालकीची झाली आणि खर्चाच्या कारणाने एसव्हीसी बाजूला पडलं.

ऑक्टेनचा विचार साबने सोडला नाही. २००५च्या ९-५ बायोपॉवरमध्ये रेशो स्थिर होता, पण ८५ टक्के इथेनॉलचं इंधन भरलं की टर्बोचा दाब वाढवला जाई आणि १५०च्या जागी १८० अश्वशक्ती मिळत. ऊर्जा कमी असलेल्या इंधनातून जास्त ताकद! आपल्याकडे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर वाद घालताना हा मुद्दा सुटतो: ज्या इंजिनाचा रेशो आणि टर्बोचा दाब जुन्या पेट्रोलसाठी बांधलेला आहे, त्याला वाढीव ऑक्टेनचा उपयोग नाही, कमी ऊर्जेचा तोटा मात्र पुरेपूर.

रेशो बदलणारं इंजिन अखेर २०१८च्या सुमारास निसानने विक्रीला आणलं, तेही ८ ते १४ याच टप्प्यातलं. तिथे हेड जागचं हलत नाही. क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच्या मध्ये एक जास्तीचा दुवा आहे, तो फिरवून पिस्टनची उंची बदलतात. २०२४ साली भारतात आलेल्या एक्स-ट्रेलमध्ये याचीच तीन सिलिंडरची, दीड लिटरची आवृत्ती आहे. चेन आणि नळ्या हलण्याची कटकट त्यात राहिली नाही. पण दुवे वाढले की बेअरिंगही वाढतात, आणि २०२५ साली अमेरिकेत याच इंजिनांच्या बेअरिंगमधल्या दोषामुळे निसानला चार लाखांहून जास्त गाड्या परत मागवाव्या लागल्या.