कोलोन-मिंडेन रेल्वे

कोलोन-मिंडेन रेल्वे : प्रशियाच्या (तत्कालीन जर्मन राज्य) ऱ्हाइनलँड व वेस्टफालिया प्रांतांतील खासगी रेल्वे कंपनी. स्थापना १८४३. भांडवलाचा सातवा हिस्सा सरकारने घेतला आणि उरलेल्या भागधारकांना साडेतीन टक्के व्याजाची हमी दिली; त्यामुळेच व्यापाऱ्यांचा पैसा बाहेर पडला.

कोलोनसमोरच्या डॉइट्झपासून निघणारा २६३ किमी.चा मूळ मार्ग डिसेंबर १८४५ मध्ये ड्युसेलडॉर्फपर्यंत, मे १८४७ मध्ये हामपर्यंत आणि १५ ऑक्टोबर १८४७ रोजी मिंडेनपर्यंत खुला झाला. मिंडेनला हानोफरच्या रेल्वेची गाठ पडून ऱ्हाइनकाठ बर्लिनशी जोडला गेला.

कंपनीचे नशीब मार्गाच्या निवडीने ठरले. एल्बरफेल्डवरून जाणारी वाट जवळची, पण डोंगराची. ती सोडून रूळ एम्शर नदीच्या सपाट, विरळ वस्तीच्या खोऱ्यातून टाकले. त्यामुळे चढ टळले, पण एसेन आणि बोखुम ही शहरे बाजूला राहिली. एसेनकरांना शहराच्या उत्तरेला आल्टेनएसेनला जाऊन गाडी पकडावी लागे. ओबरहाउसेन हे तर माळरानावरचे स्थानक. जवळच्या गढीचे नाव त्याला मिळाले आणि शहर मागाहून त्याच्याभोवती वसले. या पट्ट्यात कोळसा चुनखडीयुक्त चिकणमातीच्या जाड थराखाली असल्याने खाणी खोल, म्हणून खर्चिक. भरपूर कोळसा काढून तो लगेच हलवला तरच त्या परवडत. फ्रांझ हानिएल यांची १८४७ ची त्सोलफरआइन खाण याच रुळांजवळ उभी राहिली, ती यासाठीच. बाजूला पडलेली शहरे मात्र पुढे बेर्गिश-मेर्किश या प्रतिस्पर्धी कंपनीने जोडली. १८६२ मध्ये तिची गाडी थेट एसेनमध्ये आली.

ऱ्हाइन ओलांडणे हा मोठा अडसर होता. कोलोनचा उतारू होड्यांच्या तरत्या पुलावरून डॉइट्झला जाई, तेव्हा त्याला गाडी मिळे. ३ ऑक्टोबर १८५९ रोजी कॅथीड्रलसमोरचा जाळीदार लोखंडी पूल खुला झाला. पिंजऱ्यासारख्या रूपामुळे लोक त्याला ‘उंदराचा सापळा’ म्हणत. उत्तरेला रूरोर्ट-होम्बेर्ग येथे १८५२ पासून वाघिणी (मालडबे) नावेवर चढवून पलीकडे नेत. नदीची पातळी सतत बदलत असल्याने उतरंडीवरून हे काम जिकिरीचे होई. म्हणून १८५६ मध्ये दोन्ही काठांवर पाण्याच्या दाबावर चालणारे उचल-मनोरे बांधले. होम्बेर्गचा मनोरा आजही उभा आहे.

१८६५ मध्ये कंपनीचे उरलेले भाग विकत घेण्याचा हक्क सरकारने सुमारे १ कोटी ३० लाख थालर (तेव्हाचे चलन) घेऊन सोडला. संसदेने अर्थसंकल्प अडवून धरला असताना पंतप्रधान बिस्मार्कला पुढच्या वर्षीच्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धासाठी हा पैसा उपयोगी पडला. कंपनीने मग म्यून्स्टर, ब्रेमेनमार्गे हॅम्बुर्ग गाठले (१८७४). पण १८७३ च्या मंदीत माल घटला आणि जवळजवळ समांतर धावणाऱ्या तीन कंपन्या त्याच कोळशासाठी झगडू लागल्या. २० डिसेंबर १८७९ च्या कायद्याने प्रशियाने ही रेल्वे सरकारजमा केली.