नवागत निर्वासितांची आरोग्यसेवा (नाशिक)

छळ, युद्ध किंवा फाळणीसारख्या उलथापालथीमुळे देश सोडून आलेल्या माणसाला नाशिकमध्ये उपचार कोणत्या वाटेने मिळतात आणि कुठे अडतात, याची ही नोंद. या शहरात निर्वासित थोडे आहेत, पण नाशिकला परागंदा माणसे नवी नाहीत. १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवलेल्या शरणपुरात पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले ठेवली जात. त्यांतला जेकब वेनराइट आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात त्याच्यासोबत होता. १९४७ नंतर देवळाली कॅम्पात सिंधी निर्वासित उतरले आणि तिथलेच होऊन गेले. आता शरणपूर रस्त्यावर तिबेटी मार्केट आहे. सिंधी कुटुंबांना राज्यघटनेच्या अनुच्छेद ६ मुळे नागरिकत्वाचा रस्ता खुला होता. आज येणाऱ्या परदेशी माणसाला तो नाही, आणि दवाखान्यातला बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे आलेला माणूस कोणत्या गटात मोडतो यावर त्याचे कागद ठरतात. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ यांची व्यवस्था केंद्र सरकार पाहते. तिबेटींकडे नोंदणी प्रमाणपत्र असते, त्याला ते ‘आरसी’ म्हणतात. पाकिस्तानातून आलेल्या हिंदू-शीख कुटुंबांना दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्याच्या आधारावर बँक खाते, पॅन, आधार काढता येते. अफगाण किंवा म्यानमारमधून आलेल्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था करते. तिची कार्यालये दिल्ली आणि चेन्नईला आहेत, आणि तिच्या कार्डावर आधार निघत नाही.

तरीही पहिली पायरी सोपी आहे, हे आवर्जून सांगायला हवे. अनुच्छेद २१ मधला जीविताचा हक्क ‘व्यक्ती’ला आहे, केवळ नागरिकाला नाही. पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलात आलेल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे या हक्काचा भंग, असा निकाल दिला. त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे नाशिककरांच्या ‘सिव्हिल’मध्ये, केसपेपर काढायला नाव, वय आणि पत्ता सांगावा लागतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेची रुग्णालये त्या निर्णयात येत नाहीत, त्यामुळे नाशिकरोडचे बिटको किंवा कथड्यावरचे झाकीर हुसेन रुग्णालय गाठणाऱ्याने तिथले शुल्क आधी विचारून घ्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कुणाचेही राष्ट्रीयत्व विचारत बसत नाही.

अडचण ओपीडीच्या पलीकडे आहे. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस असा खर्च निघाला की डॉक्टर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेकडे बोट दाखवतात. तीत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात, पण शिधापत्रिका किंवा अधिवासाचा दाखला लागतो. नवागताकडे दोन्ही नसतात. धर्मादाय रुग्णालयांत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक खाली १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखलेल्या असतात. तिथेही उत्पन्नाचा दाखला मागतात, म्हणजे पुन्हा तहसील. सुरगाणा-पेठहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत आलेला मजूर याच खिडकीशी ताटकळतो, पण त्याच्या गावी निदान शिधापत्रिका तरी असते. धर्मादाय योजनेतली एक तरतूद मात्र नवागताच्या कामाची आहे : रुग्ण अत्यवस्थ असेल तर आधी भरती करून त्याची प्रकृती स्थिर करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. कागद नंतर. ही गोष्ट ठाऊक असलेला नातेवाईक सोबत असणे हेच अर्धे औषध.

१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक अधिनियमाने आणखी एक गोष्ट ठळक केली. परदेशी रुग्णाला भरती केले की त्याची माहिती परदेशी नागरिकांच्या नोंदणी अधिकाऱ्याला कळवणे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. नोंदणीकृत तिबेटी आणि अन्य काही गटांना केंद्राने पारपत्र-व्हिसाच्या अटींतून सूट दिली आहे, त्यांनी यात घाबरण्यासारखे फारसे नाही. ज्याचा व्हिसा संपला आहे किंवा नोंदणी रखडली आहे, त्याला मात्र भरतीचा कागद ही पोलिसांकडे जाणारी चिठ्ठी वाटते. असा माणूस मेडिकलमधून गोळ्या घेऊन दिवस काढतो आणि आजार बळावल्यावरच येतो. ही भीती समजण्यासारखी आहे, तिचा परिणाम मात्र वाईट.

क्षयरोगाच्या बाबतीत दिरंगाई सर्वांत महाग पडते. भारतातल्या तिबेटी समाजात क्षयाचे प्रमाण जास्त आढळले आहे, आणि हिवाळ्यात स्वेटर विकायला गावोगाव फिरणाऱ्यांचे उपचार मध्येच सुटण्याचा धोका असतो. राष्ट्रीय कार्यक्रमातली तपासणी आणि औषधे मोफत आहेत. रुग्णाची नोंद ‘निक्षय’ प्रणालीत झालेली असल्यास गाव बदलल्यावर उपचार दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करता येतात. पोषणासाठी दरमहा १,००० रुपये बँक खात्यात येतात, अर्थात खाते असले तर. लहान मुलांचे लसीकरण शहरी आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीतल्या सत्रात मोफत होते.

भाषेची अडचण कागदापेक्षा लहान नाही. दुभाष्याचे काम बहुधा शाळेत जाणाऱ्या मुलावर येते, आणि स्त्रीरोगाच्या ओपीडीत आईची तक्रार मुलाने सांगायची वेळ येते. अशा वेळी ओळखीतली एखादी बाई सोबत नेलेली बरी. मानसिक त्रासासाठी १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठी-हिंदीसह वीस भाषांत मोफत बोलता येते, पण फारसी किंवा बर्मी बोलणाऱ्याला तिथेही हिंदी-इंग्रजीचाच आधार.

बाळंतपण रुग्णालयात झाले तर जन्माची माहिती निबंधकाला रुग्णालयच कळवते. १९६९ च्या कायद्यानुसार २१ दिवसांत होणाऱ्या या नोंदणीसाठी आईवडील भारतीय असण्याची अट नाही. प्रमाणपत्राने बाळाला नागरिकत्व मिळत नाही, पण शाळेत नाव घालताना तेच पुढे करावे लागते. त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी नावांचे स्पेलिंग आईवडिलांच्या कागदांशी ताडून पाहावे.