तलाव भरले, मग नळाला जोर का नाही?

जुलै-ऑगस्टमध्ये दरवर्षी बातमी येते, तानसा ओसंडून वाहू लागला, मोडकसागर भरला, सोबत दरवाजातून कोसळणाऱ्या पाण्याचा फोटो. आणि त्याच दिवशी मुंबईतल्या कुठल्यातरी बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी चिडून लिहितं, तलाव भरले ना, मग आपल्याकडे बोटाएवढी धार का? राग अगदी खरा आहे. पण या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्यात, पाणी किती आहे ही एक आणि पाण्याला दाब किती आहे ही दुसरी. मुंबईच्या पाणीखात्याचा, म्हणजे पालिकेच्या जल अभियंता खात्याचा, दीडशे वर्षांहून जास्तीचा इतिहास मला तरी या दुसऱ्या गोष्टीचाच इतिहास वाटतो.

आधी 'किती' संपवून टाकतो. मुंबईला पाणी पुरवणारे सातही तलाव काठोकाठ भरले की साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर साठा होतो. शहराला रोज साधारण ३८५ कोटी, म्हणजे ३,८५० दशलक्ष लिटर लागतात. भागाकार केला की पावणेचारशेच्या आसपास दिवस येतात. म्हणजे एक पावसाळा ते पुढचा पावसाळा, त्यात बाष्पीभवन आलं, गळती आली, त्यामुळे पाऊस पंधरा दिवस लांबला की पाणीकपातीची चर्चा सुरू होते ती उगाच नाही.

आता दाब. त्याच बातमीत खाली एक तक्ता असतो, मोडकसागर १६३.१५ मीटर, तुळशी १३९.१७, तानसा १२८.६३, विहार ८०.१२, ही त्या त्या तलावाची ओसंडायची पातळी. खूप जणांना वाटतं ही तलावाची खोली आहे. नाही! आणि ही समुद्रसपाटीपासूनची उंचीपण नाही. हे आकडे 'टाऊन हॉल डेटम'वरून मोजलेले आहेत. फोर्टमधल्या टाऊन हॉलशी, म्हणजे आपल्या एशियाटिकच्या पायऱ्यांच्या त्या इमारतीशी, बांधलेली मुंबईची ही स्वतःची मोजपट्टी. तिचं शून्य मुद्दाम समुद्राच्या बरंच खाली धरलंय, त्यामुळे शहरातल्या सखल भागातले रस्तेसुद्धा या पट्टीवर २८ मीटरच्या आसपास येतात.

एकदा हे कळलं की तो तक्ता वाचायला खरंच मजा येते. तानसा १२८, रस्ता २८, फरक १०० मीटर. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ म्हणजे साधारण एक वातावरणाचा दाब, शाळेत शिकलोय आपण. म्हणजे तानसा धरणातून एक पाईप सरळ फोर्टपर्यंत आणला आणि टोकाला तोटी बंद ठेवली तर तिच्यामागे दहा वातावरणांचा दाब असेल, एकही पंप न लावता. पण तोटी बंद ठेवली तर, हे महत्त्वाचं.

१८६० च्या आधी मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दो टाकी, ही सगळी नावं उरलीत, पाणी गेलं. १८५० च्या दशकात पाऊस दगा द्यायला लागला, विहिरी आटल्या, बाहेरून पाणी वाहून आणायची वेळ आली, तेव्हा हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या योजनेप्रमाणे विहारचं धरण झालं आणि १८६० मध्ये पाईपचं पाणी शहरात आलं. रोज साधारण ३ कोटी २० लाख लिटर. पण विहार ८० मीटरवर. सखल भागात ठीक, आणि मलबार हिलचा माथा त्याच पट्टीवर जवळजवळ तेवढाच उंच! पाणी स्वतःहून तिथे चढणार कसं? म्हणून मग विहारपेक्षा जवळजवळ ६० मीटर उंच असलेला तुळशी १८७९ पर्यंत तयार झाला आणि त्याचं पाणी मलबार हिलवरच्या टाकीत गेलं. आज आपण हँगिंग गार्डनमध्ये फिरतो ते त्या जलाशयाच्या छपरावर. त्यानंतर १८९२ ला तानसा, १९५० च्या दशकात वैतरणा (ते धरण उभारण्यात ज्यांचा मोठा वाटा त्या एन. व्ही. मोडक यांच्या नावाने आता मोडकसागर), मग उर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ ला मध्य वैतरणा. शहर वाढलं तसं खातं उत्तरेला लांब लांब जात राहिलं, आणि जाताना उंचीचा हिशोब सांभाळत राहिलं. भातसाचं पाणी मात्र नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून पंपानेच उचलावं लागतं.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. तोटी उघडली की काय होतं? पाणी वाहायला लागतं, आणि वाहणारं पाणी पाईपच्या भिंतीशी घासतं. या घर्षणात दाब खर्च होतो. डोळ्यासमोर आणा, एका लांब पाईपवर दर किलोमीटरला एक काचेची उघडी नळी उभी लावलीय. पाणी थांबलेलं असेल तर सगळ्या नळ्यांत पाणी एकाच पातळीला, तलावाच्या. वाहू दिलं की पुढच्या प्रत्येक नळीत पातळी थोडी थोडी खाली. ती टोकं जोडली की एक उतरती रेषा मिळते, हायड्रॉलिक ग्रेड लाईन. तुमचं घर त्या रेषेच्या खाली असेल तर पाणी येणार, वर असेल तर नाही येणार. बस्स, एवढाच नियम आहे.

आणि ही रेषा किती उतरेल हे ठरवणारं गणित फार निष्ठुर आहे. प्रवाह दुप्पट झाला की दाबाचा खर्च जवळजवळ चौपट. सकाळी सहाला सगळ्या वॉर्डाने एकदम नळ सोडले की रेषा धाडकन खाली येते. व्यासाचं तर विचारूच नका, तेवढंच पाणी न्यायचं असेल तर खर्च व्यासाच्या पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतो, म्हणजे पाईप अर्धा केला तर खर्च बत्तीस पट. जुन्या बिडाच्या पाईपमध्ये आतून गंजाच्या गाठी धरतात, त्याने व्यास नुसता १० टक्के कमी झाला तरी खर्च जवळजवळ ७० टक्के वाढतो, आणि आतला खडबडीतपणा अजून धरलेलाच नाही. तलाव तोच, उंची तीच, पाणीही तेवढंच, तरी चौथ्या मजल्यावर थेंब नाही.

म्हणून टेकड्यांवर सेवा जलाशय लागतात, म्हणजे रात्री भरायच्या आणि सकाळी सोडायच्या टाक्या, आणि म्हणून शहराचे झोन करून प्रत्येकाला वेळ दिलेली असते. ती वेळ पाळतो तो चावीवाला. मी एकदा रस्त्यात थांबून बघितलंय, झाकण काढून छातीएवढी लोखंडी टी-चावी खड्ड्यात उतरवली आणि दोघं जण गोल फिरत राहिले, हळूहळू, मोजून. व्हॉल्व्ह एकदम उघडला तर पाईपमध्ये पाण्याचा धक्का बसतो आणि जोड फुटतात.

ही वेळ संपली की दुसरी अडचण. पाईप रिकामा होतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि फटीतून आजूबाजूची ओल आत शिरते, शेजारी गटार असेल तर गटाराची. पाण्यात उरलेलं क्लोरीन, निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असावं असं मानक आहे, ते यासाठीच. कोणी थेट लाईनवर बूस्टर पंप लावला तर हेच ओढणं भर पुरवठ्यातही होऊ शकतं. पंप पाणी तयार करत नाही, शेजाऱ्याच्या वाट्याचा दाब ओढतो आणि सोबत घाण.

इथे विहिरींचं एक सांगायलाच हवं. १९११ च्या सुमारास डॉ. बेंटली यांच्या पाहणीत दिसलं की मुंबईतल्या मलेरियाचे डास विहिरींत वाढतायत. नळ आले होते त्यामुळे विहिरी बंद करणं शक्य होतं, पण लोकांनी विरोध केला, विहिरीत देवता आहे, आत्मा आहे, झाकली तर कोपेल. शंभर वर्षं झाली तरी सोसायटीत बोअर मारायची म्हटली की तळहातावर नारळ घेऊन फिरणारा पाणाड्या बोलावतात. नारळ उभा राहतो तो हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालीने. खाली बेसॉल्ट आहे, पाणी त्याच्या भेगांत असतं आणि भेगा शोधायला भूगर्भतज्ज्ञ आहेत, त्यांना बोलवा ना.

उद्या नळ यायच्या वेळेला पाच मिनिटं आधी तोटी उघडून ठेवा. आधी सूं असा आवाज येईल, ती पाईपमधली हवा, येणारं पाणी तिला पुढे ढकलतंय. मग एक-दोन उचक्या, थोडं गढूळ पाणी, ते सोडून द्या, पिण्यासाठी भरू नका. मग धार स्थिर होते. म्हणजे ती रेषा तुमच्या तोटीच्या वर पोचली.