पडद्यावरचा शून्य आणि चाकातले तीस ग्रॅम

समृद्धी महामार्गावर गाडी घातली की पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत अनेकांना आपल्याच गाडीविषयी एक नवी गोष्ट कळते. गावातल्या रस्त्यांवर, राज्य महामार्गांवर पन्नास-साठच्या वेगात जिने कधी कुरकुर केली नाही, तिचं स्टिअरिंग नव्वदच्या पुढे हातात थरथरायला लागतं. रस्ता सपाट सिमेंटचा, त्यामुळे खड्ड्यांवर खापर फोडायचीही सोय नाही. परतल्यावर मालक टायरवाल्याकडे जातो, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग (रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं) दोन्ही करून घेतो, बिल भरतो. बऱ्याचदा थरथर जाते. पण बऱ्याचदा ती तशीच राहते आणि मग 'गाडीच तशी आहे' असं म्हणून तो विषय सोडून दिला जातो.

यात मशीनचा दोष क्वचित असतो. चौकातल्या साध्या दुकानात आणि काचेच्या शोरूममध्ये बॅलन्सिंगचं मशीन एकाच तत्त्वावर चालतं. फरक पडतो तो चाक मशीनवर चढवण्याआधी आणि चढवताना, त्या दोन-तीन मिनिटांत. कारागीर जाणता आहे की नुसता बटण दाबणारा, हे तेव्हाच कळतं. मात्र त्यासाठी चाकात नेमकं काय बिघडतं हे आपल्याला ठाऊक हवं.

टायर आणि रिम दिसायला गोल असली तरी त्यांचं वजन सगळीकडे अगदी सारखं वाटलेलं नसतं. टायरमधले थर जिथे एकमेकांवर जोडलेले असतात तिथे थोडं रबर जास्त, व्हॉल्व्हच्या जागी थोडं वजन जास्त, कुठे आत चिखल सुकून बसलेला. समजा रिमच्या कडेला एका जागी ३० ग्रॅम जास्त आहेत. रिम १४ इंची, टायरसह चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर. ताशी १०० किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला जवळजवळ १५ फेऱ्या मारतं आणि ते ३० ग्रॅम चाकाला बाहेरच्या दिशेने साडेचार किलोहून थोड्या जास्त वजनाइतक्या जोराने ओढतात. ही ओढ चाकाबरोबर फिरते: क्षणात वर, क्षणात पुढे, क्षणात खाली, सेकंदाला पंधरा वेळा. हा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. त्यामुळे ताशी ५० ला तेच ३० ग्रॅम सव्वा किलोपेक्षाही कमी जोर लावतात आणि १२० ला पावणेसात किलोच्या आसपास. शहरात गाडी शांत का वाटते याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं अधिक गमतीचं आहे. थरथर नव्वदला सुरू होते, शंभरच्या आसपास जोरात येते आणि एकशेदहाच्या पुढे कित्येकदा कमी होते. जोर वाढत असताना थरथर कमी कशी होईल? वॉशिंग मशीनमध्ये कपडे एका बाजूला गोळा झाले की वेग घेताना मध्येच एका टप्प्यावर ते धडधडतं आणि पूर्ण वेगाला पोचल्यावर पुन्हा निवांत होतं, तसंच हे आहे. चाक, ब्रेक, सस्पेन्शनचे हात आणि टायरमधली हवा यांचा मिळून एक स्वतःचा झोका असतो; मोटारीत तो साधारणपणे सेकंदाला १० ते १५ असतो. चाकाच्या फेऱ्या त्या आकड्याला येऊन भिडल्या की इवलासा धक्काही मोठा होऊन स्टिअरिंगपर्यंत पोचतो. वेग पुढे गेला की जुळणी सुटते. ठरावीक वेगालाच येणारी आणि पुढे विरणारी थरथर ही म्हणून चाकाकडे बोट दाखवणारी सगळ्यात पक्की खूण आहे. पण टायरवाल्याकडे गेल्यावर ही खूण आपण सांगत नाही आणि तोही विचारत नाही.

चांगलं दुकान ओळखायची पहिली कसोटी हीच. किल्ली हातात घेण्याआधी तिथला माणूस प्रश्न विचारतो का? कोणत्या वेगाला हलते? स्टिअरिंगला जाणवतं की सीटखाली? स्टिअरिंगला जाणवत असेल तर संशय पुढच्या चाकांवर, सीटला आणि फरशीला जाणवत असेल तर मागच्या. फक्त ब्रेक मारल्यावर हलते का? मग बॅलन्सिंगवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, ब्रेकची डिस्क बघायला हवी. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावरच हलते आणि पाय काढला की थांबते? तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये रेस दिली तरी हलते? इंजिनाचं माउंटिंग. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असेल तर तो अलाइनमेंटचा, नाहीतर हवेचा प्रश्न. अलाइनमेंट म्हणजे चाकं एकमेकांशी आणि रस्त्याशी कोणत्या कोनात उभी आहेत ते बघणं, आणि त्याने असमतोल चाकातला एक ग्रॅमही हलत नाही. हे प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. ते न विचारता 'चारही करून टाकू साहेब' म्हणणाऱ्याला तुमच्या गाडीपेक्षा त्याच्या रांगेची काळजी जास्त आहे, असं मी तरी धरून चालतो.

आता मशीन. चाक एका आडव्या दांड्यावर बसवतात, ते फिरतं आणि दांड्याला बसवलेले सेन्सर त्यावर येणारा जोर दोन ठिकाणी मोजतात. दोन ठिकाणी अशासाठी, की असमतोल दोन प्रकारचा असतो. एकात चाकाची एक बाजूच जड असते. असं चाक मोकळं सोडलं की जड बाजू खाली येऊन थांबते आणि रस्त्यावर ते वरखाली उड्या मारतं. दुसरा प्रकार जरा लबाड आहे. आतल्या कडेला वर २० ग्रॅम आणि बाहेरच्या कडेला बरोबर समोर खाली २० ग्रॅम जास्त असतील, तर उभं चाक अगदी समतोल वाटतं. फिरायला लागलं की मात्र दोन्ही ग्रॅम त्याला दोन बाजूंनी पिळतात आणि ते डावीउजवीकडे डुलतं. पुढच्या चाकाचं हे डुलणं टाय रॉडमधून, म्हणजे चाकाला स्टिअरिंगशी जोडणाऱ्या दांडीतून, थेट स्टिअरिंगमध्ये येतं. म्हणून आत किती आणि बाहेर किती वजन लावायचं, हे मशीन वेगवेगळं दाखवतं.

पण हे गणित करायला मशीनला तीन आकडे लागतात: मशीनपासून रिमपर्यंतचं अंतर, रिमची रुंदी आणि रिमचा व्यास. काही मशीनवर दांडी ओढून रिमला टेकवली की त्यातले दोन आपोआप भरले जातात, रुंदी मात्र कॅलिपरने, म्हणजे मापाच्या चिमट्याने, मोजावी लागते. घाईत आधीच्या गाडीचेच आकडे ठेवून चाक फिरवलं तर मशीन तेवढ्याच आत्मविश्वासाने चुकीचं वजन सांगतं. अलॉय रिमला वजनं कडेला न लावता आत, आऱ्यांच्या मागे चिकटवायची असतील तर मशीनचा मोडही बदलावा लागतो. तुमच्या चाकाला कॅलिपर लागला का, एवढं बघायला इंजिनीअर असावं लागत नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे चाक दांड्यावर मध्यावर बसणं. रिमच्या मधल्या भोकात शंकूच्या आकाराचा एक तुकडा घालून वरून फिरकी आवळतात. भोकाची आतली बाजू कारखान्यात अचूक कापलेली असते, म्हणून बहुतेक रिमना हा शंकू मागून, आतल्या बाजूने लावणं बरं. आता थोडं गणित. चाक १५ किलोचं धरा. ते मध्यापासून ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाइतकं, सरकून बसलं तर मशीनला ते सुमारे ८ ग्रॅमचा असमतोल म्हणून दिसतं. चाकात तो नसतो, नुसता बसवण्यात असतो. कारागीर इमानेइतबारे ८ ग्रॅम लावतो, पडद्यावर शून्य येतो आणि गाडीवर चढलेलं चाक आता ८ ग्रॅमने बिघडलेलं असतं. त्यातही बरीच मशीनं आकडा ५ ग्रॅमच्या पटीत दाखवतात आणि किरकोळ असमतोल शून्यातच जमा करतात.

यावर एक सोपी परीक्षा आहे, ती मागितली तर जाणता माणूस नाराज होत नाही. पडद्यावर शून्य आल्यावर फिरकी सैल करायला सांगायची, दांडा तसाच ठेवून चाक अर्धा फेरा फिरवायचं, पुन्हा आवळून मशीन चालवायचं. चाक खरंच समतोल असेल तर शून्य किंवा फार तर ५ ग्रॅम येईल. बसवण्यात चूक असेल तर ती आता उलट्या बाजूने मोजली जाते आणि दुप्पट होऊन समोर येते. पंधरा-वीस ग्रॅम दिसले तर समजावं की शंकू चुकीच्या मापाचा आहे, भोकात गंज आहे, किंवा दांडाच झिजलाय. अशा मशीनवर दिवसभर शून्यच शून्य येत राहतात.

पैशाचं एक सांगायला हवं. आपल्याकडे बऱ्याच दुकानांत बॅलन्सिंगचे पैसे चाकामागे आणि शिवाय वजनाचे पैसे ग्रॅममागे घेतात. म्हणजे जेवढं वजन जास्त लागेल तेवढं बिल जास्त. चांगल्या कारागिराचं कसब नेमकं याच्या उलट, कमीत कमी वजनात काम करण्याचं असतं. तो आधी जुनी वजनं काढतो, रिमच्या आतला चिखल खरवडतो, टायरच्या खाचांत अडकलेले खडे उपटतो. छोट्या मोटारीचं चाक एका बाजूला साठ-सत्तर ग्रॅम मागत असेल तर तो वजनांची माळ चिकटवत बसत नाही. हवा काढून टायर रिमवर अर्धा फेरा सरकवतो आणि पुन्हा मोजतो. टायरची जड बाजू आणि रिमची जड बाजू एकत्र आली असेल तर आकडा बराच खाली येतो. नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो तो याचसाठी: तिथे टायर सगळ्यात हलका आहे, तो व्हॉल्व्हपाशी आणायचा. जुन्या वजनांवरच नवी वजनं लावणाऱ्याचं दुकान कितीही चकचकीत असो, मी तिथे दुसऱ्यांदा जाणार नाही.

वजनं पूर्वी सरसकट शिशाची असत. शिसं जड आणि मऊ, कामाला उत्तम. पण गळून पडलेली वजनं रस्त्यावर भरडली जाऊन मातीत जातात आणि शिसं विषारी. युरोपीय संघाने २००५ मध्ये नव्या गाड्यांसाठी आणि कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये ती बंद केली. त्यांची जागा जस्त आणि पोलादाने घेतली.

चाक परत गाडीवर चढवतानाही शून्याचं मातेरं होऊ शकतं. किनारपट्टीवर, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, खाऱ्या हवेने हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, गंजाचे पापुद्रे धरतात. हबचा चेहरा असतो १४ सेंटिमीटरचा, चाक ६० सेंटिमीटरचं. हबच्या एका कडेला ०.२ मिलिमीटरचा पापुद्रा राहिला तर टायरची कड जवळजवळ एक मिलिमीटर डुलते. तारेचा ब्रश दोनदा फिरवला की काम भागतं, पण तो फिरवणारे हात कमी. तीच गत नटांची. गाडी जॅकवर असतानाच एक नट गनने कचकचून आवळला की चाक तिरकं बसतं. नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे आणि शेवटचा आवळ गाडी खाली टेकवून टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, द्यायचा. छोट्या मोटारींना तो साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. दुकानात टॉर्क रेंच आहे का आणि त्यावर धूळ आहे का, दोन्ही बघावं.

काही चाकं मात्र कोणाच्याही हाताने सुधारत नाहीत. खड्ड्यात आदळून रिमला बेंड आला असेल तर ती वजनाने समतोल होईल, गोल होणार नाही. टायरच्या आतली दोरी तुटून बाजूला टेंगूळ आलं असेल तर तो टायर काढून टाकायचाच, तिथे थरथरीपेक्षा फुटण्याची भीती मोठी. आणि एक छुपा प्रकार: टायर वजनाला समतोल, मापाला गोल, पण एका जागी इतर जागांपेक्षा कडक. रस्त्यावर दाबलं गेल्यावर ती कडक जागा दर फेरीला गाडीला उचलते. साध्या मशीनवर चाक हवेत फिरतं, म्हणून हे दिसूच शकत नाही. ते पकडायला रोड फोर्स प्रकारचं मशीन लागतं. त्यात एक रोलर टायरला रस्त्यासारखा दाबून धरतो. अमेरिकेच्या हंटर कंपनीची अशी मशीनं प्रसिद्ध आहेत, आपल्याकडे ती मोठ्या शहरांत मोजक्याच ठिकाणी सापडतात. दोन चांगल्या दुकानांत चाक समतोल ठरूनही थरथर राहिली, तरच त्यांच्या शोधात निघावं.

दुकान गाठण्याआधी एक प्रयोग फुकटात होतो. चारही चाकं एका मापाची असतील आणि टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल, तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे त्याच बाजूला लावून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला गाडी चालवून बघायची. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष चाकात आहे. तिथेच राहिली तर चाकं निर्दोष. मग बॉल जॉइंट, टाय रॉड, बेअरिंग तपासायला हवेत आणि ते काम टायरवाल्याचं नाही, मेकॅनिकचं आहे. या प्रयोगात स्टेपनी वापरायची असेल तर आधी तिच्यावरचा स्टिकर वाचावा. अनेक गाड्यांत ती मापाने लहान असते आणि तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते. म्हणजे थरथर सुरू होते त्या वेगापर्यंत तिच्यावर जायचंच नाही.