ग्रॅहम लँड: बेटे की द्वीपकल्प?

अंटार्क्टिकाचा जो चिंचोळा भाग दक्षिण अमेरिकेच्या दिशेने पुढे आलेला आहे, त्याच्या उत्तर भागाला ग्रॅहम लँड म्हणतात. २० डिसेंबर १९२८ रोजी ऑस्ट्रेलियन शोधक ह्यूबर्ट विल्किन्स यांनी डिसेप्शन बेटावरून विमानाने या भूमीवर उड्डाण केले आणि तिला आरपार छेदणाऱ्या सामुद्रधुन्या दिसल्याचे जाहीर केले. त्यामुळे ग्रॅहम लँड हा मुख्य खंडापासून तुटलेला द्वीपसमूह आहे, असे नकाशांवर उमटले. जमिनीवरून घेतलेल्या मोजमापांचा आधार नसताना केवळ वरून पाहून काढलेला हा निष्कर्ष होता, आणि बर्फाच्या प्रदेशात सपाट हिमनदी व गोठलेला समुद्र यांत वरून फरक करणे अवघडच असते.

त्याची शहानिशा १९३४ ते १९३७ या काळातील ब्रिटिश ग्रॅहम लँड मोहिमेने केली. नेते जॉन रायमिल हे ऑस्ट्रेलियन. ग्रीनलंडमध्ये ब्रिटिश ध्रुवीय शोधक गिनो वॉटकिन्स यांच्या हाताखाली तयार झालेले. १९३२ मध्ये वॉटकिन्स तिथेच कायाकमधून शिकारीला गेले असता मृत्यू पावले होते. ‘पेनोला’ हे शिडाचे जहाज, एक लहान विमान, कुत्र्यांच्या घसरगाड्या आणि मोजकी माणसे, एवढ्याच बळावर ही मोहीम निघाली. १९३५ चा हिवाळा आर्जेन्टाइन बेटांवर गेला. समुद्रावरचा बर्फ भरवशाचा न झाल्याने दूरच्या फेऱ्या मात्र फारशा साधल्या नाहीत. म्हणून १९३६ च्या आरंभी तळ दक्षिणेला, मार्गरीट उपसागरातील डेबेनहॅम बेटांवर हलवला गेला.

खरे काम इथे झाले. विमानाने आधी वाट हेरायची आणि मग घसरगाडीने जाऊन थिओडोलाइटने (कोन मोजणाऱ्या दुर्बिणीच्या उपकरणाने) सूर्याचे वेध घेत स्थाने निश्चित करायची, अशी रायमिल यांची पद्धत होती. विमान त्यांनी नाकारले नाही, त्याला जमिनीवरच्या मोजणीची जोड दिली. सर्वेक्षक आल्फ्रेड स्टीफन्सन, भूवैज्ञानिक (आणि मोहिमेचे धर्मगुरूही) लॉन्सलॉट फ्लेमिंग व जीवशास्त्रज्ञ कॉलिन बर्ट्रम हे तिघे बर्फाने भरलेल्या जॉर्ज सहावा सामुद्रधुनीतून ७२ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास पोहोचले. रायमिल आणि डॉक्टर बिंगहॅम पूर्वेकडे पठार चढून गेले, तेव्हा विल्किन्स यांच्या सामुद्रधुन्यांच्या जागी त्यांना अखंड उंच भूमी आणि तिच्यावरून उतरणाऱ्या हिमनद्या आढळल्या. आज नकाशात दिसते ते अंटार्क्टिक द्वीपकल्प या पायपिटीनंतर पुन्हा मुख्य खंडाला जोडले गेले.